दाइसेन: जपानमधल्या एका निद्रिस्त ज्वालामुखीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जपानमधला ज्वालामुखी म्हटलं की बहुतेकांना फुजी आठवतो. हे प्रश्न मात्र पश्चिम जपानमधल्या दाइसेनबद्दलचे आहेत. फुजीइतका तो उंच नाही, प्रसिद्ध तर नाहीच. पण ज्वालामुखी थंड पडल्यावर त्याचं काय होतं, हे समजून घ्यायचं असेल तर दाइसेनसारखा डोंगर नाही. त्याने उधळलेली राख, त्याचे ढासळलेले दगड आणि त्याच्यावर तयार झालेली माती हाच त्याचा इतिहास आहे. त्यामुळे काही उत्तरं डोंगरापासून बरीच लांब जातील.

दाइसेन नेमका कुठे आहे?

होन्शू या जपानच्या मुख्य बेटाच्या पश्चिम भागाला चुगोकू म्हणतात. त्याच्या उत्तर किनाऱ्यावर, जपान समुद्राला लागून तोत्तोरी प्रांत आहे आणि प्रांताच्या पश्चिम भागात दाइसेन उभा आहे. जवळचं मोठं शहर योनागो. डोंगराच्या दक्षिणेला थोडं पुढे गेलं की ओकायामा प्रांत लागतो. जुन्या काळी या मुलखाला होकी म्हणत, म्हणून दाइसेनला आजही 'होकी फुजी' हे टोपणनाव आहे.

उंची फक्त 1729 मीटर? आपलं कळसूबाईच 1646 मीटर आहे की!

हो, आकड्यात फरक 83 मीटरचाच आहे. पण कळसूबाईच्या पायथ्याचं बारी गाव मुळातच समुद्रसपाटीपासून बरंच उंचावर आहे. दाइसेनचा उत्तरेकडचा उतार मात्र थेट समुद्रापर्यंत उतरतो. शिखरापासून किनारा सरळ रेषेत पंधरा-सोळा किलोमीटरवर, आणि मध्ये दुसरी डोंगररांग नाही. त्यामुळे किनाऱ्यावरून पाहताना सगळीच्या सगळी उंची एका नजरेत येते.

शिवाय नुसत्या शिखराच्या उंचीवरून या डोंगराचा पसारा कळत नाही. पूर्व-पश्चिम साधारण 35 किलोमीटर आणि दक्षिणोत्तर 30 किलोमीटर एवढी त्याची बैठक आहे, आणि एकूण घनफळ 120 घन किलोमीटरच्या वर जातं. चुगोकूमधला हा सर्वांत उंच डोंगर तर आहेच, पण जपानमधल्या मोठ्या ज्वालामुखींमध्येही त्याची गणना होते.

हा एकच डोंगर आहे की अनेक?

लांबून एक दिसतो, पण जवळ गेल्यावर तो डोंगरांचा पुंजका आहे हे लक्षात येतं. इथे ज्वालामुखीचं काम सुमारे दहा लाख वर्षांपूर्वी सुरू झालं. लाव्हा, राख, दगडगोटे, पुन्हा लाव्हा असे थर एकावर एक बसत आधी एक भला मोठा जुना डोंगर उभा राहिला. अशा थराथरांच्या ज्वालामुखीला स्तरज्वालामुखी म्हणतात. आज विस्तीर्ण उतार दिसतात, त्यांतला बराचसा भाग या जुन्या कामाचा आहे.

नंतरच्या पर्वात मधल्या भागातून जो लाव्हा आला तो फार दाट होता. तो लांब वाहत गेला नाही, बाहेर पडला तिथेच फुगत राहिला आणि त्याचे घुमट झाले. मिसेन (1709 मीटर), त्याच्या ईशान्येचा सांकोहो आणि आग्नेयेकडचा टोकदार कारासुगासेन हे सगळे असेच घुमट. सर्वोच्च टोक केंगामिने हे मिसेनला लागून असलेल्या धारेवर आहे.

घुमट वाढत असताना त्याची बाजू कोसळते. आतला तापलेला दगड फुटतो आणि राख, वायू, दगड यांचा लोट उतारावरून सुसाट खाली येतो. दाइसेनवर हे अनेकदा घडलं. पायथ्याचे आजचे शांत, हिरवे उतार या लोटांच्या थरांनी बनले आहेत.

इथे ज्वालामुखी तयार झालाच कसा?

माझ्या मते दाइसेनबद्दलचा सर्वांत रंजक प्रश्न हाच.

जपानच्या दक्षिणेला समुद्रात नानकाई गर्ता आहे. तिथे फिलिपिन्स समुद्राचा भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या बाहेरच्या कठीण थराचा एक अवाढव्य तुकडा, जपानखाली सरकतो. अशा ठिकाणी सहसा काय होतं? खाली जाणाऱ्या भूपट्टातून पाणी बाहेर पडतं, ते वरच्या प्रावरणात (कवचाखालच्या खडकाच्या जाड थरात) शिरतं, त्या खडकाचा वितळणबिंदू खाली येतो आणि शिलारस तयार होतो. ईशान्य जपानचे बहुतेक ज्वालामुखी असेच तयार झाले. तिथे खाली जाणारा पॅसिफिक भूपट्ट फार जुना आणि थंड आहे.

दाइसेनखालचा भूपट्ट मात्र तरुण आहे. शिकोकू खोरं नावाचा हा समुद्रतळ साधारण दीड ते तीन कोटी वर्षांपूर्वी तयार झाला. भूशास्त्राच्या हिशेबात हे वय फार नाही, त्यामुळे तो अजून बराच गरम आहे. एवढा गरम भूपट्ट खाली गेला की नुसतं पाणी सोडून थांबत नाही, तो स्वतःच काही प्रमाणात वितळतो, असं अनेक अभ्यासक मानतात. पुरावा दगडांच्या रसायनात आहे. दाइसेनच्या दगडात स्ट्रॉन्शियम भरपूर आणि इट्रियम अगदी कमी असतं. समुद्रतळाचा बेसाल्ट खोलवर, गार्नेट हे खनिज शिल्लक ठेवून वितळला की अशीच खूण उमटते. अशा दगडांना अडाकाइट म्हणतात. पश्चिमेकडचा शेजारी ज्वालामुखी सांबे याच घराण्यातला.

दाइसेनचा दगड आणि सह्याद्रीचा दगड एकच का?

नाही, आणि दोन्ही डोंगर एवढे वेगळे दिसण्याचं मूळ यातच आहे. सह्याद्रीचा काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट. त्यात सिलिका (वाळूतल्या गारेचा मूळ घटक) साधारण 50 टक्के. असा लाव्हा पातळ असतो, भेगांतून बाहेर येऊन शेकडो किलोमीटर पसरतो. दख्खनचे थर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी असेच पसरले, म्हणून आपल्या डोंगरांना आडव्या पायऱ्या आणि सपाट माथे आहेत.

दाइसेनचा मुख्य दगड डेसाइट, त्यात सिलिका 60 टक्क्यांच्या वर. सिलिका वाढली की लाव्हा दाट होतो, वायू आत कोंडतात आणि मग एकतर घुमट फुगतो किंवा स्फोट होतो. मोतोदानी या दगडांनी भरलेल्या नाळेतला एखादा ताजा फुटलेला धोंडा उचलून पाहा. राखाडी, कधी किंचित गुलाबीसर. त्यात फेल्डस्पार या खनिजाचे पांढरे ठिपके आणि हॉर्नब्लेंड या खनिजाच्या काळ्या, चकाकणाऱ्या बारीक कांड्या नुसत्या डोळ्यांना दिसतात. हे स्फटिक शिलारस जमिनीखाली मुरत असताना वाढले. सह्याद्रीच्या धोंड्यात असं दृश्य मिळत नाही.

दाइसेनचा सर्वांत मोठा उद्रेक कोणता?

सुमारे 60 हजार वर्षांपूर्वीचा. त्यात बाहेर पडलेल्या थराला कुरायोशी प्युमिस म्हणतात. प्युमिस म्हणजे वायूच्या बुडबुड्यांनी फेसाळलेला, पाण्यावर तरंगण्याइतका हलका दगड. डोंगराच्या पूर्वेला कुरायोशी शहर आहे. त्या परिसरात रस्त्यासाठी कापलेल्या टेकाडांत या प्युमिसचा पिवळसर पट्टा दिसतो, काही ठिकाणी मीटरहून जाड.

वातावरणाच्या वरच्या थरात पश्चिमेकडून वाहणाऱ्या वाऱ्यांनी बारीक राख पूर्वेला नेली. थेट तोक्यो ज्या कांतो मैदानात आहे, तिथल्या मातीतही हा थर सापडतो. सहाशे किलोमीटरच्या आसपासचं अंतर आहे हे! जपानमधल्या भूशास्त्रज्ञांना आणि पुरातत्त्वज्ञांना असे थर फार मोलाचे वाटतात. थराचं वय एकदा पक्कं झालं की त्याच्या वर सापडलेली वस्तू नंतरची आणि खाली सापडलेली आधीची, हे कुठेही सांगता येतं. गंमत म्हणजे दाइसेनच्या उतारांवर परक्यांची राखही आहे. सुमारे 30 हजार वर्षांपूर्वी क्युशू या नैर्ऋत्येकडच्या बेटाच्या दक्षिण भागात झालेल्या आइरा महाउद्रेकाची राख इथल्या थरांत मिळते आणि तीच दाइसेनच्या शेवटच्या उद्रेकांचं वय ठरवायला उपयोगी पडते.

एवढा जुना ज्वालामुखी अणुऊर्जा प्रकल्पांच्या चर्चेत कसा आला?

कुरायोशी प्युमिसच्याही आधी, सुमारे 80 हजार वर्षांपूर्वी दाइसेनचा आणखी एक मोठा उद्रेक झाला होता. त्याची राख क्योतोजवळच्या एका खोऱ्यात समजुतीपेक्षा बरीच जाड आढळली. म्हणजे तो उद्रेक आधीच्या अंदाजापेक्षा मोठा होता.

क्योतोच्या उत्तरेला, फुकुई प्रांतात वाकासा उपसागराच्या काठी ताकाहामा, ओही आणि मिहामा हे अणुऊर्जा प्रकल्प आहेत, दाइसेनपासून दोनशे किलोमीटरच्या आसपास. अणुभट्टीला राखेची भीती वेगळ्याच कारणाने असते. राखेने हवेच्या गाळण्या तुंबतात, आपत्कालीन डिझेल जनित्रं बंद पडू शकतात, छपरांवर वजन येतं, ओल्या राखेने विजेच्या तारांत बिघाड होतो. 2019 मध्ये जपानच्या अणुनियामक प्राधिकरणाने कान्साई इलेक्ट्रिक कंपनीला राखेचा हिशेब नव्याने मांडायला लावला. पूर्वी 10 सेंटीमीटर धरलेली जाडी त्यानंतर दुपटीच्या वर गेली. दाइसेन लगेच जागा होईल असं प्राधिकरणाचं म्हणणं नव्हतं आणि प्रकल्पही त्यासाठी थांबवले गेले नाहीत. तरीही मला हा निर्णय महत्त्वाचा वाटतो. 80 हजार वर्षांपूर्वीच्या वीतभर मातीने आजच्या अभियांत्रिकीचे आकडे बदलायला लावले.

दाइसेन निद्रिस्त आहे की मृत?

शेवटचे उद्रेक साधारण 20 ते 30 हजार वर्षांपूर्वीचे. जपानच्या हवामान संस्थेच्या व्याख्येप्रमाणे गेल्या 10 हजार वर्षांत उद्रेक झालेला किंवा सध्या वाफा-वायू जोराने सोडणारा ज्वालामुखी 'जिवंत'. अशा 111 ज्वालामुखींच्या यादीत दाइसेन नाही. शेजारचा सांबे आहे, कारण तो काही हजार वर्षांपूर्वीपर्यंत उफाळत होता.

म्हणून दाइसेन मेला का? असं कोणी जबाबदार माणूस म्हणणार नाही. निद्रिस्त आणि मृत असे कप्पे जपानमधल्या शास्त्रज्ञांनी केव्हाच बाजूला ठेवले. मध्य जपानमधला ओन्ताके शांतच आहे असं मानलं जायचं. 1979 मध्ये त्याचा उद्रेक झाला आणि 2014 च्या उद्रेकात 63 जण मृत किंवा बेपत्ता झाले. दाइसेनसारख्या ज्वालामुखीच्या दोन उद्रेकांत हजारो वर्षांची विश्रांती असू शकते. दहा लाख वर्षांच्या आयुष्यात 20 हजार वर्षं फार नाहीत. सामान्य वाचकांसाठी 'निद्रिस्त' हा शब्द चालेल, पण त्याचा अर्थ 'संपलेला' असा घेऊ नका.

भूकंप झाला की दाइसेन जागा होईल का?

आतापर्यंत तसं झालेलं नाही. 6 ऑक्टोबर 2000 रोजी पश्चिम तोत्तोरीत 7.3 तीव्रतेचा आणि 21 ऑक्टोबर 2016 रोजी मध्य तोत्तोरीत 6.6 तीव्रतेचा भूकंप झाला. दोन्ही कवचातल्या भेगा सरकल्यामुळे झाले. उद्रेक झाला नाही. 2000 च्या भूकंपात डोंगराच्या कड्यांवरून मात्र दरडी कोसळल्या.

पश्चिमेकडून फुजीसारखा आणि दक्षिणेकडून पडक्या भिंतीसारखा का दिसतो?

कारण हा डोंगर ढासळतो आहे. योनागोच्या बाजूने, मासुमिझूच्या माळावरून पाहिलं तर निमुळता, सुबक शंकू दिसतो. दक्षिणेच्या कागिकाके खिंडीत गेलात की उभा, राखाडी, चिरफाळलेला कडा समोर येतो. त्याखाली घसाऱ्याचे, म्हणजे वरून पडलेल्या सुट्या दगडांचे, पंखे पसरलेले असतात. उत्तरेलाही मोतोदानीच्या माथ्यावर असाच कडा आहे.

घुमटाचा लाव्हा थंड होताना त्यात असंख्य चिरा पडतात. हिवाळ्यात चिरांमधलं पाणी गोठतं, फुगतं, दगड सुटे करतं. वसंतात बर्फ वितळलं की ते खाली येतात, मग जूनपासूनचा पाऊस आणि वादळं उरलेलं काम करतात. नवा लाव्हा येऊन भर घालत नसल्यामुळे झीज तेवढी चालू राहते. उत्तर आणि दक्षिण, दोन्हीकडून डोंगर कुरतडला गेला आणि मध्ये माथ्याची अरुंद धार उरली. फुजी सुबक आहे तो तरुण आणि कालपरवापर्यंत सक्रिय असल्यामुळे. दाइसेनकडे पाहिलं की असा डोंगर थांबल्यावर पुढे काय होतं ते दिसतं.

खालच्या गावांना यातून खरा धोका दगड-चिखलाच्या लोटांचा. म्हणून मोतोदानीत आणि दक्षिणेच्या नाळांत काँक्रीटचे अडथळा-बांध एकाखाली एक बांधले आहेत.

सर्वोच्च टोकावर जाता येतं का?

नाही. केंगामिनेकडे जाणारी धार दोन्ही बाजूंनी सुटी झाली आहे आणि 2000 च्या भूकंपानंतर तिची अवस्था आणखी बिकट झाली. मिसेनपासून पुढे जायला मनाई आहे. मिसेनलाच माथा मानतात. दाइसेनजी मंदिराजवळून निघणारी नेहमीची वाट नऊशे मीटरांहून जास्त चढते, सवयीच्या माणसाला चढायला साधारण तीन तास लागतात. सह्याद्रीत धारेवर चालायची सवय असलेल्यांना मिसेनवरून पुढची धार सोपी वाटेल. कृपया तो मोह टाळा. आपला बेसाल्ट पकड देतो, हा दगड हातात येतो.

लोक वर जाताना दगड का घेऊन जातात?

एके काळी माथ्यावर एवढी वर्दळ झाली की गवत-झुडपं तुडवली गेली, उघडी माती पावसाने वाहून गेली आणि ओघळ पडले. 1985 मध्ये स्थानिकांनी 'एक झाड, एक दगड' मोहीम सुरू केली. चढणाऱ्याने पायथ्याचा एक दगड वर न्यायचा, ओघळ भरायचे, रोपं लावायची. पुढे लाकडी पायवाटा झाल्या. आज माथ्याचा मोठा भाग पुन्हा हिरवा आहे. डोंगराची झीज यामुळे थांबणार नाही हे उघड आहे, पण माणसाने केलेली जखम माणसाला भरता येते. मला स्वतःला दाइसेनमधली ही गोष्ट सर्वांत जास्त भावते.

त्याच माथ्याजवळ क्याराबोकू या बुटक्या यू झाडांचं दाट रान आहे. जोरदार वारा आणि बर्फाचं वजन यामुळे ही झाडं उभी न वाढता आडवी पसरतात. या रानाला विशेष नैसर्गिक स्मारकाचा दर्जा आहे. त्याखालच्या उतारांवर बीच वृक्षांचं जंगल आहे, पश्चिम जपानमधलं मोठ्यांपैकी एक.

इथे एवढं बर्फ का पडतं?

हिवाळ्यात सायबेरियाकडून थंड, कोरडे वारे येतात. जपान समुद्रावरून येताना ते बाष्प गोळा करतात. किनाऱ्यावर पहिला अडसर दाइसेनचाच. वारे वर चढतात, थंड होतात, बर्फ पडतं. मंदिराच्या परिसरातही ते दोन मीटरांच्या वर साचू शकतं.

डोंगरावरचं पाणी कुठे जातं?

बरंचसं जमिनीत. मोतोदानीत एरवी नुसते कोरडे धोंडे दिसतात, पाणी त्यांच्याखालून वाहतं. राख आणि लाव्हाच्या थरांतून झिरपत ते पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने बाहेर येतं. बाटलीबंद पाण्याच्या कंपन्या इथे आल्या त्या याचमुळे.

राखेपासून झालेल्या काळ्या मातीला जपानमध्ये कुरोबोकू म्हणतात. ती भुसभुशीत असते, पाणी छान धरते, पण पिकाला लागणारं फॉस्फरस घट्ट अडकवून ठेवते. म्हणून दिसते तशी ती आयती सुपीक नाही, खत घालावंच लागतं. आज या उतारांवर ब्रोकोली पिकते, दुधाची गुरं चरतात. वस्ती फार जुनी आहे. उत्तरेच्या पायथ्यावर मुकिबांदा इथे यायोई काळातल्या (जपानमध्ये भातशेती रुजली त्या प्राचीन काळातल्या) मोठ्या वसाहतीचे अवशेष शंभर हेक्टरांहून मोठ्या भागात पसरलेले आहेत.

युमिगाहामाची वाळूची पट्टी दाइसेनने तयार केली का?

दंतकथेप्रमाणे हो! इ.स. 733 मध्ये पूर्ण झालेल्या इझुमो प्रांताच्या वृत्तांतात एक कथा आहे. आपला मुलूख अपुरा आहे असं पाहून एका देवाने दूरदूरच्या जमिनी दोर बांधून ओढून आणल्या. त्यातला एक दोर म्हणजे युमिगाहामा, आणि तो ज्या खुंटीला बांधला ती खुंटी दाइसेन. दुसऱ्या दोराची खुंटी सांबे. दोन्ही खुंट्या ज्वालामुखीच निघाव्यात, हे मला विलक्षण वाटतं.

प्रत्यक्षात सुमारे 17 किलोमीटर लांबीच्या या पट्टीची वाळू बहुतांशी हिनो नदीने आणली. तिचा बराच भाग चुगोकूच्या डोंगरांतल्या कुजलेल्या ग्रॅनाइटचा. तिथे लोहवाळू मिळवण्यासाठी डोंगर खणून माती पाण्याच्या पाटात सोडत. जड लोहवाळू तळाशी बसे, बाकीची वाळू नदीत जाई. एदो काळात (सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात) हा उद्योग एवढा वाढला की युमिगाहामाचा किनारा समुद्राच्या बाजूला पुढे सरकला. म्हणजे पट्टी तयार करण्यात माणसाचाही हात आहे. त्या जुन्या वृत्तांतात ही पट्टी बेट म्हणून नोंदली आहे हेही लक्षात घ्या.

डोंगराचं धार्मिक महत्त्व काय?

दाइसेनजीची स्थापना परंपरेने 718 ची मानतात. इथे जिझो म्हणजे आपला क्षितिगर्भ बोधिसत्त्व पूजला जातो. जिझो गुराढोरांचाही राखणदार मानला गेल्याने शेतकरी जनावरं घेऊन येत आणि त्यातून मंदिराजवळ गुरा-घोड्यांचा प्रसिद्ध बाजार उभा राहिला. भूगोलाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की मंदिराने वरच्या डोंगरावर जायला शतकानुशतकं बंदी ठेवली होती. बीचचं जंगल टिकलं त्यात या बंदीचा मोठा वाटा आहे.

पाहायला कधी आणि कुठून जावं?

ओकायामाहून याकुमो एक्सप्रेसने योनागोला आणि तिथून बसने दाइसेनजीला जाता येतं. चढाईसाठी जून ते ऑक्टोबर बरा. डोंगर समजून घ्यायचा असेल तर मिसेनइतकाच वेळ मोतोदानीला द्या, मंदिरापासून ती चालत गाठता येते. ऑक्टोबरच्या शेवटी, पानं रंगलेली असताना कागिकाके खिंडीतून दक्षिणेचा कडा बघा. हिवाळ्यात तो रस्ता बर्फामुळे बंद असतो. हिवाळी चढाई हिमस्खलनाची माहिती आणि साधनं असलेल्यांनीच करावी. आणि कोणत्याही ऋतूत कड्याखालच्या घसाऱ्यात जेवायला बसू नका, वरून दगड येतात.